बत्तीस रकाने

गेल्या वर्षीच्या आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या हातून एक चूक झाली. ज्यांना ती माहीत आहे त्यांनी मला तेव्हाच सांभाळून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांना आज सांगते, कारण यंदाही मुलांच्या याद्या माझ्याकडेच आहेत.

एक्सेलमध्ये एकेचाळीस मुलांची नावं होती. पुढे वय, आईबाबांचा फोन, आणि शेवटचा रकाना 'गट'. त्यात लेझीम, नाटुकलं, गाणी, रांगोळी यांपैकी काहीतरी एक लिहायचं. एका मुलीचं नाव आधी लेझीममध्ये होतं. दोन आठवड्यांनी तिच्या आईचा मेसेज आला, "ताई, हिला नाटुकल्यातही घ्या ना, एक झाड कमी पडतंय म्हणे." मी तत्परतेने रकान्यात गेले, 'लेझीम' खोडलं आणि 'नाटुकलं' लिहिलं. मला वाटलं, काम झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी लेझीम बसवणाऱ्या काकांना ताप आला. ऐनवेळी विंगेत यादी घेऊन मी उभी राहिले. नाव पुकारायचं आणि हातात लेझीम द्यायची. यादी त्याच फाइलमधून गाळून काढलेली, लेझिमा त्या यादीप्रमाणे मोजून आणलेल्या. शेवटचं नाव झालं, पेटी रिकामी झाली, आणि नऊवारी नेसलेली ही मुलगी माझ्यासमोर तशीच उभी. "मावशी, माझं नाव?" तोवर बाहेर हलगीचं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. ती रडली नाही. विंगेतून मुलांकडे बघत राहिली, आणि तिचे रिकामे हात ठेक्यावर हलत होते. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री इंडियानापोलिसहून वेस्ट लाफायेटला परतताना लेक मागे झोपली होती. आय-६५ च्या दोन्ही बाजूंना कापून झालेली मक्याची शेतं. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तू 'बरोबर'चं चिन्ह वापरलंस. तिथे 'किंवा' पाहिजे होतं."

मी म्हटलं, "तुझे अणू नाहीत ते. माणसांची मुलं आहेत."

"अणूंचंही असंच होतं," तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही गप्प बसलो.

माझा नवरा पदार्थविज्ञानात संशोधन करतो. संगणकाच्या आत तो अणू मांडतो, त्यांना एकमेकांवर बलं लावायला लावतो आणि ते कसे हलतात ते बघतो. त्यासाठी जो प्रोग्राम वापरतो त्याचं नाव लॅम्प्स. लग्नानंतर बरेच दिवस मला वाटायचं, हा दिव्यांवर काहीतरी काम करतो. ते खरं तर एका लांबलचक इंग्रजी नावाचं आद्याक्षरी रूप आहे. हा प्रोग्राम १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत आकाराला आला. त्यामागचा स्टीव्ह प्लिम्प्टन यांचा मूळ शोधनिबंध १९९५ चा. २००४ पासून तो सर्वांना खुला आहे. कुणीही उतरवून घ्यावा, उघडून आत कसा लिहिलाय ते वाचावं.

पुढच्या रविवारी चहा घेताना त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "भांडू नकोस, फक्त बघ."

पडद्यावर कार्बनच्या अणूंचा एक पातळ पत्रा होता आणि त्यावर पाण्याचा थेंब. हजारो ठिपके. यातल्या सगळ्यांना एकच हुकूम देऊन चालत नाही. पत्र्याने जागेवर राहायचं. पाण्याने हलायचं, पण ३०० केल्विन, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या बऱ्या दिवसाइतक्या, तापमानाला. पत्र्याजवळच्या पाण्याची वेगळी मोजणी करायची. म्हणून आधी गट पाडायचे आणि मग गटाला हुकूम द्यायचा. इथपर्यंत मला लगेच कळलं. सात वर्षं शाळेत शिकवलंय मी. 'निळ्या हाऊसची मुलं मैदानावर, स्कॉलरशिपची मुलं वर्गात' हे रोजचंच होतं.

"पण कुठला अणू कुठल्या गटात, हे लिहून कुठे ठेवतोस?"

"प्रत्येक अणूजवळ एक आकडा असतो. एकच. त्याला मास्क म्हणतात."

"आणि अणू तीन गटांत असला तर?"

"तरी एकच आकडा."

हे मात्र मला कळेना. तो बिट, बायनरी असं बोलू लागला. शेवटी मी वहीचं पान घेतलं आणि माझ्या सवयीचा तक्ता आखला. आडव्या ओळीत एकेक अणू, उभे रकाने गटांचे. ज्या गटात असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे रिकामं. आमच्या शाळेत वर्गशिक्षकाकडे असा तक्ता असायचाच: स्काउट, लेझीम, स्कॉलरशिप, पोषण आहार. कुणाला एक खूण, कुणाला चार.

नवऱ्याने माझ्या रकान्यांच्या डोक्यावर आकडे लिहिले. पहिल्यावर १, मग २, ४, ८, १६. प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. "आता खुणा असतील त्या रकान्यांची बेरीज कर." सगळे १, पाणी २, पत्रा ४, पत्र्याजवळचे ८. पत्र्याला टेकलेल्या पाण्याच्या अणूची बेरीज झाली १ अधिक २ अधिक ८, म्हणजे ११. आणि गंमत अशी की ११ ही बेरीज दुसऱ्या कुठल्याच खुणांनी येत नाही. आकडा दिला की खुणा परत काढता येतात. अख्खी ओळ एका आकड्यात मावते.

संगणकाला हे फार सोयीचं पडतं. 'हा अणू पाण्याच्या गटात आहे का?' असं विचारायचं तर तो याद्या चाळत बसत नाही. अणूचा आकडा आणि गटाचा आकडा एकावर एक ठेवतो आणि तो एक रकाना भरलेला आहे का, एवढंच बघतो. पाण्यासाठी वेळेचं पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं घेतात. म्हणजे एका नॅनोसेकंदाच्या हालचालीसाठी दहा लाख पावलं, आणि प्रत्येक पावलाला प्रत्येक अणूची हजेरी. तिथे याद्या चाळणं परवडत नाही.

आकडा बत्तीस बिटांचा, म्हणून रकाने बत्तीस. त्यापेक्षा जास्त गट एका वेळी करता येत नाहीत. त्यातला पहिला रकाना आधीच भरलेला येतो. त्या गटाचं नाव 'सगळे'. प्रत्येक अणू त्यात असतो आणि तो गट कुणालाही काढून टाकता येत नाही.

मग त्याने माझी चूक दाखवली. अणूला नवा गट द्यायचा तर त्याच्या आकड्यात फक्त तेवढा रकाना भरायचा. त्यासाठी प्रोग्राममध्ये एक उभी रेघ आणि तिला जोडून बरोबरचं चिन्ह लिहितात. ती रेघ मी ओळखली. पोथीत चरण संपला की येतो तो दंड. ती रेघ लिहायची विसरली आणि नुसतं 'बरोबर' लिहिलं, तर जुना आकडा पुसला जाऊन त्या जागी नवा बसतो. अणू नव्या गटात जातो, पण आधीच्या सगळ्या गटांतून निघतो. अगदी 'सगळे'मधूनही. मुलीला नाटुकल्यात घालताना मी नेमकं हेच केलं होतं.

"मग बेरीज केली तर? जुन्या आकड्यात गटाचा आकडा मिळवायचा."

"करून बघ. लेझीमचा आकडा २ धर. एकाच मुलीच्या आईने दोनदा फॉर्म भरला तर?"

दोन अधिक दोन चार. आणि चार हा नाटुकल्याचा आकडा. लेझीम गेली आणि न मागता झाड झाली. बेरजेला आधी काय आहे हे कळत नाही. दंडाला कळतं. रकाना आधीच भरलेला असेल तर तो तसाच राहू देतो. मला हसू आलं. वर्गात असं उदाहरण सापडलं असतं तर तास गाजला असता.

तिथेच ते हसू जरासं अडखळलं.

मी शिवाजी विद्यापीठाची मराठीची एम.ए. नंतर बी.एड. केलं आणि साताऱ्यात आठवी ते दहावीला शिकवलं. मुलं 'बाई' म्हणायची. २०१९ मध्ये नवऱ्यामागोमाग इथे आले, एच-फोर व्हिसावर. त्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर होईपर्यंत मला नोकरी करता येत नाही. पहिल्याच महिन्यात लेकीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. फॉर्मवर 'व्यवसाय' अशी एकच चौकट होती. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले आणि लिहिलं, गृहिणी. खोटं नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत गेले आणि हळूहळू स्वतःशीही तेच म्हणायला लागले. कुणी विचारलं, "तुम्ही आधी काय करायचात?" तर "काही विशेष नाही, शिकवायचे" असं उत्तर यायचं. त्या मुलीचा रकाना मी एकदाच पुसला. माझा मी चार वर्षं पुसत होते.

नवऱ्याला मी यातलं काही बोलले नाही. विचारलं एवढंच, "आणि कुठल्याच हलणाऱ्या गटात नसलेल्या अणूचं काय होतं?"

"काही नाही. तो जागेवर राहतो. बाकीचे त्याला ढकलतात, तोही त्यांना ढकलतो, बलं सगळी लागतात. पण हलायचा हुकूम ज्या गटाला दिलाय त्यात तो नाही, म्हणून तो हलत नाही."

विंगेतली ती मुलगी डोळ्यांसमोर आली. आणि तिच्याबरोबर आणखी कोण, ते सांगायला नकोच.

"मग दोन्ही गटांत घालून टाकायचं ना. जास्त गट, जास्त बरं."

"तसंही नाही. हलायचा हुकूम दोन गटांना दिला आणि अणू दोन्हींत असला, तर तो एका पावलात दोनदा हलतो. प्रोग्राम इशारा देतो, पण थांबत नाही."

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्यापैकी बहुतेकींची दिवाळी अशीच असते. तिकडे पहाटेचं अभ्यंगस्नान चाललेलं असतं तेव्हा इकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना करंज्या दाखवायच्या, मग आपली पहाट होईल तेव्हा लेकीला उटणं लावून साडेसातच्या स्कूलबसला सोडायचं. एकाच सणाला दोनदा हलायचं.

त्यानंतर आठवडाभराने तो स्वतःशीच चरफडत बसला होता. त्याच्याकडे नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याची आकडेमोड चुकली होती. मी पोळ्या लाटत होते. त्याने सांगितलं ते असं: गट करताना 'अमुक जागेत असलेले अणू' असं सांगता येतं. विद्यार्थ्याने पत्र्याजवळच्या पट्टीतले अणू एका गटात घातले आणि शेवटपर्यंत त्याच गटाची मोजणी करत राहिला. पण लॅम्प्समध्ये गट सहसा एकदाच पाडला जातो. खूण लागली की लागली. अणू नंतर त्या पट्टीतून निघून थेंबाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी गटातच राहतो.

माझं लाटणं थांबलं. "म्हणजे तो तिथे नसला तरी तिथलाच?"

"हो. पाहिजे असेल तर गट बदलता ठेवता येतो. मग दर काही पावलांनी प्रोग्राम पुन्हा तपासतो. आत्ता पट्टीत आहेस? तर गटात. नाहीस? बाहेर."

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. माझे वडील फोनवर म्हणतात, "तू कुठेही जा, तू सातारकरच." त्यांचा गट कायमचा. रेशन कार्डाचा बदलता. लग्नानंतर माझं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं, यथावकाश सासरच्याही. त्यात रागावण्यासारखं काही नाही. जो तिथे जेवत नाही त्याचं धान्य कशाला मोजायचं? कुठला गट कायमचा ठेवायचा आणि कुठला बदलता, हे कामावरून ठरतं. विद्यार्थ्याची चूक गट कायमचा ठेवला ही नव्हती. 'इथले मूळचे' आणि 'आत्ता इथे असलेले' हे दोन वेगळे प्रश्न त्याने एक धरले, ही होती.

मीही तेच केलं होतं. वर्ग नाही म्हणजे मी शिक्षिका नाही, असं धरलं होतं. पण दर गुरुपौर्णिमेला साताऱ्याहून एका विद्यार्थ्याचा मेसेज येतो. आता तो स्वतः नोकरी करतो. सुरुवात 'बाई' अशीच असते. त्याच्या लेखी मी पट्टीतून बाहेर पडलेलीच नाही.

तेवढ्यावर समाधान मानावं, असं मनात आलं होतं. मग त्या विद्यार्थ्याची चुकलेली मोजणी आठवली. दूर गेलेल्या अणूंना 'जवळचे' म्हणून मोजत राहिलं की उत्तर चुकतं. कायमच्या खुणेच्या जोरावर 'मी शिक्षिका आहे' म्हणायचं आणि खडूला हात लावायचा नाही, हाही चुकीचा हिशेबच. म्हणून जानेवारीपासून मी आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. पगार नाही, तो मला घेताही येत नाही. जाऊन-येऊन अडीच तासांचा रस्ता. पण तो बदलता गट आहे. दर रविवारी तपासणी होते आणि दर रविवारी मी त्यात असते.

आणखी एक गोष्ट नवऱ्याकडून कळली, ती इथल्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. चाललेलं काम मध्ये थांबवून जपून ठेवायचे दोन मार्ग असतात. एका प्रकारच्या फाइलमध्ये गटांसह जवळजवळ सगळं राहतं. दुसरी साधी मजकुराची फाइल, कुठेही उघडता येणारी. तिच्यात अणूची जात, जागा, वेग असतं. गट मात्र नसतात. ती दुसऱ्या संगणकावर उघडली तर अणू सगळे जागच्या जागी असतात, पण कोण कुणातला हे पुन्हा सांगावं लागतं. आपले पासपोर्ट आणि व्हिसे मला त्या दुसऱ्या फाइलसारखे वाटतात. नाव, जन्मगाव सगळं बरोबर उतरतं. भजनी मंडळात कोण होतं, कोण कबड्डीत राज्यस्तरावर खेळलं, कुणाला मुलं 'बाई' म्हणायची, हे त्यात नसतं. ते आपल्याला इथे पोचल्यावर स्वतः पुन्हा लिहावं लागतं. कुणी विचारेल याची वाट बघत मी फार दिवस घालवले.

आता यंदाच्या यादीबद्दल. 'गट' हा एक रकाना मी काढून टाकला आहे. त्याऐवजी सहा रकाने आहेत: सगळे १, लेझीम २, नाटुकलं ४, गाणी ८, रांगोळी १६, मराठी शाळा ३२. ज्याला जिथे यायचं तिथे खूण. शेवटी बेरीज आपोआप येते. बेरीज खुणांवरून होते, त्यामुळे फॉर्म कितीदाही भरलात तरी कुणी चुकून झाड होणार नाही. फराळाची पाकिटं पहिल्या रकान्यावरून मोजली जातील. तो रकाना मी कुलूपबंद ठेवला आहे. कुणाला तो रिकामा करता येणार नाही, मलाही नाही.

मराठी शाळेतल्या मुलांना हे सगळं मी दोन रविवार शिकवलं. दुप्पट करत बत्तीसपर्यंत जाताना त्यांचे मराठी अंक पक्के झाले, तो फायदा वेगळाच. आता प्रत्येकाला आपला आकडा पाठ आहे. एकमेकांचा आकडा ऐकून कोण कशात आहे ते ओळखायचा खेळ चालतो. माझी लेक घरी परतताना मागच्या सीटवरून आकडे ओरडते आणि तिचा बाबा गाडी चालवता चालवता खुणा सांगतो. एकदा तिने विचारलं, "आई, तुझा किती?" मी म्हटलं, अजून रकाने मोजते आहे.

आणि ती मुलगी. तिचा आकडा एकोणचाळीस. लेझीम, नाटुकलं, मराठी शाळा, आणि अर्थात सगळे. सप्टेंबरमध्ये ती माझ्या वर्गात आली तेव्हा तिने आधी यादी मागितली, स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून खुणा मोजल्या, मग दप्तर उघडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. यादी अशीच तपासून घ्यावी.

तुम्हीही घ्या. यादी मंडळाच्या गटावर पाठवली आहे. आपल्या मुलाची कुठली खूण राहिली असेल तर कार्यक्रमाच्या आधी मला कळवा. यंदा पेटीत चार लेझिमा जास्तीच्या ठेवणार आहे.